उभे राहण्याचे कष्ट



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय मागितला तेव्हा आम्ही बोनसावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही चिठ्ठीवर ‘उभे राहण्याचे कष्ट’ एवढेच लिहून दिले. त्यांनी विचारले, "म्हणजे निवडणुकीला?" त्याही कष्टांचा आम्हांला अनुभव आहे, दोनदा अनामत रक्कम गेलेली आहे. पण आज बोलायचे आहे ते नुसते दोन पायांवर उभे राहण्याविषयी. ज्यांना खुर्च्या मिळाल्या नाहीत आणि जे मागे उभे आहेत, त्यांच्या शरीरात या क्षणी जे चालले आहे तोच आमचा विषय.

आधी एक कबुली. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीपाशी संपली; पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. शरीरशास्त्राची पुस्तके आम्ही उघडली ती अलीकडे, आणि तीही एका भांडणापायी. तेव्हा आम्ही सांगू ते समजून घ्या. उपचाराचा प्रश्न आला की मात्र आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

भांडण असे. एका मोठ्या कापडदुकानात साड्यांच्या विभागात बारा मुली कामाला आहेत. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत त्या उभ्या. कायद्याचे तास किती, हे भांडण वेगळे. ते आज काढत नाही. बसायला गादी आहे, ती गिऱ्हाइकांसाठी. त्यांतली एक मुलगी, वय तेवीस, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत करोनाने आजारी पडली. ताप आठवड्यात गेला. पण ती कामावर परतली तेव्हा दहा मिनिटे उभी राहिली की छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, हातांना कापरे आणि डोक्यात धुके भरल्यासारखे. समोरच्या साडीचा भाव तिला आठवेना. खाली बसली की पाच मिनिटांत पुन्हा ठीक. तेव्हा ती गठ्ठ्यांच्या आड जाऊन बसू लागली. दुकानाच्या कॅमेऱ्याने ते टिपले आणि तिला नोटीस मिळाली: कामाच्या वेळेत वारंवार बसणे.

तिच्या छातीचा आलेख काढला, चांगला आला. रक्त तपासले, थायरॉइड तपासले, सारे ठीक. एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. घरच्यांनी अंगारा लावला. आणि युनियनने काय केले? आम्ही स्वतः, सभेत कामगारांच्या आरोग्यावर तासभर बोलणारे, तिला म्हणालो, "पोरी, अशक्तपणा आहे. थोडे सहन कर, सवय होईल." ती म्हणाली, "काका, बसलं की मी बरी असते. उभी राहिले की जणू कोणी पायातनं रक्त ओढून घेतंय."

हे वाक्य आम्ही त्या दिवशी ऐकले आणि सोडून दिले. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जे चार पानांत लिहिले आहे ते त्या मुलीने एका वाक्यात सांगितले होते, हे कळायला आम्हांला पुढे आठ महिने लागले.

ते कळले एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी काही मोठे यंत्र आणले नाही. मुलीला दहा मिनिटे आडवी निजवली आणि नाडी मोजली; ७६ भरली. मग तिला भिंतीला पाठ टेकवून उभी केली आणि दर दोन मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब मोजत गेल्या. नाडी ९८ झाली, १०९ झाली, दहाव्या मिनिटाला १२१. रक्तदाब जवळजवळ जागच्या जागी. मुलगी घामाने निथळत होती, ओठ पांढरे पडले होते. बाई म्हणाल्या, "हिला पॉट्स आहे." पूर्ण नाव लांबलचक आहे: पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. आपण त्याला उभ्याने नाडी धावण्याचा विकार म्हणू. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढावी, बारा ते एकोणीस वयात ४० नी. रक्तदाब फारसा उतरलेला नसावा. त्रास निदान तीन महिने चाललेला असावा. आणि रक्तक्षय, थायरॉइड किंवा एखादे औषध असे दुसरे कारण नसावे, अशी त्याची कसोटी आहे. रोग्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया असतात, आणि पुष्कळांना तो एखाद्या साध्या तापानंतर जडतो. करोनानंतर असे रोगी जगभर दिसू लागले.

वीस मिनिटे, एक घड्याळ आणि रक्तदाबाचा पट्टा. एवढ्यावाचून त्या मुलीचे आठ महिने गेले. कोणी तिला उभी करून मोजलेच नव्हते. सगळ्यांनी तिला खाटेवर निजवून तपासले होते, आणि निजलेली असताना ती बरीच होती!

आता आत काय घडते ते पाहू. मनुष्याच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. आपण आडवे असतो तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत सपाटीच्या पाटातल्या पाण्यासारखे पसरलेले असते. उभे राहिलो रे राहिलो की त्यातले अर्धा ते पाऊण लिटर पोटात आणि पायांत उतरते. हृदयाकडे परत येणारे रक्त तितके कमी झाले, की हृदय पुढे तरी काय ढकलणार? मेंदू तर सर्वांत वर, चाळीच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडासारखा. दाब कमी झाला की नळ पहिला त्याचा आटायचा. तो आटत नाही, कारण मानेतल्या मोठ्या धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे आणि हृदयाच्या वरच्या कमानीत दाब जोखणाऱ्या मज्जातंतूंची टोके बसलेली आहेत. धमनीची भिंत किती ताणली आहे, याची खबर ती दर ठोक्याला मेंदूच्या देठाकडे पाठवतात. बेल्जियमचे कॉर्नेय हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मानेतल्या आणि कमानीतल्या अशाच पहारेकऱ्यांचा श्वसनाच्या नियमनातला वाटा शोधल्याबद्दल.

खबर पोचली की देठाकडून दोन हुकूम सुटतात. हृदयाला व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा लगाम असतो, तो सैल होतो. आणि सिंपथेटिक म्हणून जी दुसरी यंत्रणा आहे, तिला आम्ही चाबूक म्हणतो, ती पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळते, म्हणजे खाली उतरलेले रक्त वर ढकलले जाते. पायाचे स्नायूही पिचकारीसारखे काम करतात. हे सारे काही ठोक्यांच्या आत उरकते. निरोगी माणसाची नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते आणि त्याला आपण उभे राहिलो यापलीकडे काही कळतही नाही. मागे उभे असलेल्या मंडळींनी शंका असल्यास मनगटावर बोट ठेवून पाहावे.

हा लगाम म्हणजे नुसती उपमा नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्याने उठून चिठ्ठीवर खरडला आणि सकाळी पाहतो तो स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी तो उजाडण्याची वाट न पाहता प्रयोगशाळेत गेला. बेडकांची दोन हृदये घेतली. एकाचा व्हेगस चेतवला, ते मंद झाले. त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंद झाले. म्हणजे मज्जातंतू हृदयाशी रासायनिक द्रव्याच्या भाषेत बोलतो. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली त्याला नोबेल मिळाले. स्वप्नाची गोष्ट मौजेची आहे, पण आमचा मुद्दा दुसरा आहे. मज्जासंस्था बिघडली असे म्हणताच लोक ‘मनाचे खेळ’ असे ऐकतात. मज्जासंस्था ही तारा, द्रव्ये आणि झडपा असलेली यंत्रणा आहे. मागाची दोरी तुटावी तशी तीही बिघडते.

पॉट्समध्ये हा बिघाड एकाच जागी नसतो. काहींच्या पायांतले बारीक मज्जातंतू दुबळे झालेले असतात, वाहिन्या पुरत्या आवळत नाहीत आणि रक्त खाली साचते. काहींच्या अंगात रक्ताचे पाणीच कमी असते. काहींत चाबूक अति चालतो: उभे राहताच नॉरअॅड्रिनॅलिन भरमसाट वाढते, कापरे भरते, हातपाय गार पडतात. कित्येकांत तिन्ही थोडे थोडे. पण हृदयाला भरपाई करावी लागते ती सगळीकडे सारखीच. हृदय बिचारे दोषी नसते. दोन माणसांचे काम एका माणसाकडून काढून घ्यावे तसे त्याच्याकडून काढलेले असते. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात, ते आपणांस सांगायला नको.

नाव नवीन असले तरी प्रकार नवीन नसावा. अमेरिकेतील यादवी युद्धात जेकब डा कोस्टा या डॉक्टरांकडे असे शिपाई येत, की ज्यांच्या हृदयात दोष सापडत नसे, पण थोड्या श्रमाने ज्यांची छाती धडधडे आणि अंधारी येई. अशा ३०० शिपायांवर त्यांनी १८७१ साली लिहिले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे टॉमस लुइस यांच्यापुढे पुन्हा हाच प्रश्न आला. या साऱ्यांना पॉट्सच होता असे आज कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण काहींना असावा. ‘भित्रा’, ‘कामचुकार’ ही विशेषणे त्या शिपायांनाही मिळाली होती. पॉट्स हे नाव रूढ झाले ते अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये शोंडॉर्फ आणि लो यांनी १९९३ साली लिहिलेल्या निबंधापासून.

आता उपायांकडे वळू. रोग मुळापासून उपटून काढील अशी गोळी अजून नाही. नाडी आवरणारी, वाहिन्या आवळणारी, अंगात पाणी धरून ठेवणारी औषधे आहेत, आणि डॉक्टर रोग्याचा प्रकार पाहून ती देतात. त्या मुलीला बाईंनी प्रोप्रॅनोलॉलची लहान मात्रा दिली. पण त्या म्हणाल्या, "गोळी चार आणे काम करील. बारा आणे तुझ्या मज्जासंस्थेचे ओझे उतरवण्यात आणि तिला पुन्हा शिकवण्यात आहेत."

ओझे उतरवणे म्हणजे काय? दिवसाला दोन-तीन लिटर पाणी आणि जेवणात जादा मीठ. ताक, पेज, लिंबाचे मीठ घातलेले सरबत. मीठ पाण्याला अंगात धरून ठेवते, रक्ताचे पाणी वाढते, मज्जातंतूंना तेवढे कमी आवळावे लागते. ज्यांना रक्तदाब आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हे ऐकून घरी जाऊन मीठ खाऊ नये, ही हात जोडून विनंती! सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी दोन पेले पाणी एका दमात प्यायचे. त्याने मज्जासंस्था थोडा वेळ जागी होते आणि उठल्यावरची धडधड कमी होते. पायापासून कमरेपर्यंत घट्ट मोजे आणि पोटाला पट्टा. नुसत्या पायमोज्यांचा उपयोग कमी, कारण रक्त पोटातही साचते. बाळंतिणीचे पोट बांधतात तसा पट्टा पाहून मुलगी लाजली. पण पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे उभी राहिली, तेव्हा लाज गेली. एकदम भरपेट जेवायचे नाही, कढत पाण्याने आंघोळ करायची नाही, उन्हात थांबायचे नाही. उभे राहावेच लागले तर पायांची अढी घालायची, मांड्या आवळायच्या, टाचा उचलायच्या. म्हणजे पिचकारी चालू राहते.

शिकवण्याचा भाग याहून अवघड, आणि इथेच लोक चुकतात. उभे राहिल्याने त्रास होतो म्हणून माणूस निजून राहतो. आणि निजून राहिल्याने उभे राहण्याची शक्ती आणखी जाते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले होते. त्यांची श्रमशक्ती एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वयाने जेवढे नेले नव्हते तेवढे त्या तीन आठवड्यांनी नेले होते. त्याच डॅलसला पुढे बेंजामिन लेव्हीन आणि ची फू यांनी पॉट्सच्या रोग्यांना तीन महिने व्यायाम दिला. तो व्यायाम सुरू झाला तो बसून आणि आडवे होऊन: वल्हवण्याचे यंत्र, मागे टेकून चालवायची सायकल, पोहणे. उभ्याचा व्यायाम सर्वांत शेवटी. त्यांनी २०१० साली लिहिले, की व्यायाम पुरा करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे त्या कसोटीतून बाहेर पडले.

आपल्याकडे वल्हवण्याचे यंत्र कुठे? तिने चटईवर निजून हवेत सायकल मारली, रोज पाच मिनिटे. पंधरा दिवसांनी सात मिनिटे. मग नगरपालिकेच्या तलावात बायकांच्या वेळी पोहायला जाऊ लागली. पाण्यात शरीर आडवे असते आणि पाण्याचा दाब बाहेरून मोज्यासारखा पडतो. मधे एक आठवडा तिने हौसेने दुप्पट केले आणि चार दिवस अंथरुणाला खिळली. ही सूचना महत्त्वाची आहे. काही रोग्यांना श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सारे शरीर कोसळल्यासारखे होते, आणि करोनानंतरच्यांत असे पुष्कळ असतात. त्यांच्यावर व्यायाम लादला तर अपायच होतो. त्यांनी आधी आपल्या शक्तीची मर्यादा ओळखून तिच्या आत राहायला शिकायचे. "सवय होईल, सहन कर" हा आमचा उपदेश किती घातकी होता, हे आम्हांला त्या चार दिवसांत समजले.

राहिला श्वास. उभी राहिली की ती घाबरून भराभर श्वास घेई. भराभर श्वासाने रक्तातला कर्बवायू उतरतो, मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि अंधारी वाढते. अंधारीने भीती वाढते, भीतीने चाबूक आणखी बसतो. भीतीने रोग झाला नव्हता. रोगाने भीती आणली, आणि मग दोघांनी मिळून मुलीला घोळसले. बाईंनी तिला मिनिटाला सहा श्वास घ्यायला शिकवले, आधी निजून, मग बसून, मग उभ्याने. या सहाच्या आकड्याला आधार आहे. इटलीत लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणा, श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि दाब जोखणारी ती मानेतली यंत्रणा अधिक तल्लख होते. श्रेय देवाला द्यायचे की फुप्फुसांना, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही जप करीत नाही, पण श्वास मोजून घेतो.

आणि हेही सांगतो, की मज्जासंस्थेच्या नावावर बाजार भरला आहे. ‘सहा आठवड्यांत मज्जासंस्था नवी करून देतो’ असे सांगून त्या मुलीच्या आईकडून एकाने बरेच पैसे घेतले. श्वास, विश्रांती, झोपेची शिस्त हे सारे उपयोगाचे. पण मीठ, पाणी, पट्टा, औषध बाजूला ठेवून नुसत्या श्वासाने बरे करतो म्हणणारा आणि "हे सारे तुझ्या मनाचे आहे" म्हणणारा, हे आम्हांला एकाच दुकानातले भागीदार वाटतात. दोघेही शेवटी दोष रोग्याच्या गळ्यात घालतात.

पण निदान झाले, पट्टा आला, श्वास आला, तरी दहा तास उभे राहणे तसेच होते. डॉक्टरांनी लिहून दिले: दर अर्ध्या तासाला दहा मिनिटे बसू द्यावे. ते पत्र घेऊन आम्ही शेठजींकडे गेलो. ते म्हणाले, "दुकानात मुली बसलेल्या दिसल्या तर गिऱ्हाइकाला अपमान वाटतो." आम्ही म्हटले, "शेठ, गिऱ्हाईक तर गादीवर बसलेले असते. त्याला उभे कोण दिसते?" मग कायदा काढला. उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय करावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात होते. पण ते कारखान्यापुरते. दुकानातल्या बायकांसाठी हा हक्क मिळवला केरळातल्या बायकांनी. कोळिकोडला विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या स्त्रियांची ‘पेण्कूट्टु’ ही संघटना उभी केली. लघवीला जाऊ द्या आणि बसू द्या, एवढ्याच त्यांच्या मागण्या. २०१८ साली केरळने कायदा बदलला, २०२१ साली तमिळनाडूने बदलला. शेठजी म्हणाले, "ते केरळात." आम्ही म्हटले, "कायदा केरळात, पण पाय इथेही आहेत."

दीड महिना गेला. आम्ही काही मोर्चा काढला नाही. एका रविवारी शेठजींच्या परवानगीने डॉक्टरीणबाई दुकानात आल्या आणि त्यांनी सर्वांसमोर त्या मुलीची नाडी मोजली, बसून आणि उभ्याने. मग शेठजींचे वडील, जे ऐंशीच्या घरात आहेत आणि ज्यांनी हे दुकान हातगाडीपासून वाढवले, ते म्हणाले, "मलाही मोज." त्यांची नाडी फारशी वाढली नाही, पण रक्तदाब चांगलाच उतरला. तो दुसरा विकार. त्याचे औषध त्यांना लगेच सुरू झाले. सोमवारी साड्यांच्या विभागात एक लाकडी स्टूल आले आणि नोटीस मागे घेतली गेली.

ती मुलगी आज त्याच दुकानात आहे. उभी राहिली की नाडी अजूनही पंचवीस-तीसने वाढते. हिवाळा बरा जातो. हे चैत्र-वैशाखाचे दिवस वाईट, कारण उन्हाने कातडीतल्या वाहिन्या फुलतात आणि रक्त आणखी पसरते. महिन्यातून चार दिवस तर उठवत नाही. पण साड्यांचे भाव तिला पुन्हा पाठ आहेत, आणि गेल्या दिवाळीत विभागातली सर्वांत जास्त विक्री तिने केली, ती बहुतेक स्टुलावर बसून.

मात्र त्यातून नवे भांडण उभे राहिले आहे. उरलेल्या अकरा जणी म्हणतात, पॉट्स झाल्यावरच स्टूल मिळायचे काय? त्यांतल्या दोघींच्या पायांच्या शिरा आताच दोऱ्यांसारख्या फुगल्या आहेत. आम्ही बारा स्टुलांची मागणी दिली आहे. शेठजी चारांवर आले आहेत. पुढली बैठक मंगळवारी आहे.